ओमकारचा खुबा

पाथरवाडी, ता. मुरबाड
२२ जून २००८

ओमकार,

मी बरी आहे. हे पहिलं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता पुढचं वाच.

आजोबांच्या श्राद्धाला आला नाहीस, ते सोडून दिलं. तुझा आजोबा नवसू मेला तेव्हा तोही कुणाची वाट बघत थांबला नव्हता. पण नथू सुट्टीवर आला तो सांगतो, कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये तू पाय ओढत चालतोस. मी म्हटलं, ओढत म्हणजे कसा? तर त्याने अंगणात चालून दाखवलं. अख्खी आळी हसली. मी नाय हसले.

तुझ्या बायकोने दुकानावर फोन केला होता. अनिता विचारते, "आजी, कशा आहात?" आणि दुकानदार, त्याचा भाऊ, तेल न्यायला आलेल्या दोन बाया, सगळे माझं उत्तर ऐकायला गप्प. मी म्हटलं, "जिवंत आहे," आणि ठेवला. घरातलं बोलणं दुकानात सांडायचं नाय, म्हणून पत्र लिहिते. साक्षरतेच्या वर्गात बावन्नाव्या वर्षी अक्षरं गिरवली ती काय भिंतीला टांगायला नाय. नथूबरोबर पाठवते. तुझ्याच गँगचा आहे, हातात देईल. पाकीट शिजल्या भाताने चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर त्याचा कान धर.

पायाला काय झालंय ते लिही. आणि भाताच्या आवणीला दोन दिवस ये. माणसं मिळत नाहीत, सगळी वाशिंदच्या कारखान्यांना लागली. आळीतली रखमी आणि मी, दोन म्हाताऱ्या किती लावणार?

तुझी आजी,
गोजर


कसारा
३ जुलै २००८

आजीस नमस्कार.

नथू नाटकी आहे. मला काही झालेलं नाही. कंबर धरली आहे. घाटात पाऊस लागला की गँगमध्ये सगळ्यांचीच धरते. दिवसभर वाकून रुळाखालची गिट्टी सारायची, दुसरं काय होणार?

एक चांगली गोष्ट सांगतो. आमचा कीमन पुढच्या मे महिन्यात रिटायर होतोय, आणि साहेबांनी माझं नाव पुढे केलंय. कीमन म्हणजे काय ते तुला मागे सांगितलं होतं. सहा किलोमीटरचा पट्टा एकट्याचा. रोज हातोडा घेऊन चालायचं, रूळ आवळून धरणारी एकेक लोखंडी चावी बघायची, सैल असेल तिथे उकिडवं बसून ठोकायची. डोक्यावर मुकादम नाही. आजी, आठ वर्षं मी दुसऱ्याच्या शिटीवर वाकतोय. हे काम मला पाहिजे. फक्त मे महिन्यात डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट लागेल, एवढंच.

आवणीला येतो.

तुझा ओमकार


पाथरवाडी
२७ जुलै २००८

ओमकार,

आवणी झाली. तुझी ओळ वाकडी आलीय, रोप वाढल्यावर सगळ्या शिवाराला दिसेल. असो.

आता ऐक. कंबर मागे असते. तू धरत होतास ती जांघ. चिखलातून उजवा पाय काढताना तोंड असं करायचास की लिंबू चावला. बांधावर जेवायला बसलास तो उजवा पाय लांब करून, फोटो काढायचा असल्यासारखा. सकाळी डबा घेऊन गेलास आणि आंब्याला मिठी मारून उठलास. रखमीने बघितलं, तिने मला सांगितलं, मी तुला सांगते. लाजायचं असेल तर तिच्यापुढे लाज, मी तुझं ढुंगण धुतलंय.

जांघ म्हणायला जीभ रेटत नाय म्हणून डॉक्टरला पण कंबरच सांगितलीस का रे? मग तो कंबरेचंच औषध देणार. दुखतंय एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

मला कसं कळलं ते विचारू नको. कळलं.

खरं लिही.

गोजर


कसारा
१० ऑगस्ट २००८

आजीस नमस्कार.

हो. कंबरच सांगितली होती. डॉक्टर बाई होत्या, शब्द तोंडातून निघेना. आठ महिने कंबरेचा पट्टा बांधला, कंबरेच्या गोळ्या खाल्ल्या, कंबरेचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. मीही वर तोंड करून सांगत होतो, जरा बरं आहे म्हणून.

तुझं पत्र आल्यावर परत गेलो आणि डोळे मिटून सांगून टाकलं. बाईंनी मला झोपवलं, गुडघा छातीकडे दाबला आणि आत वळवला. मी असा ओरडलो की बाहेरचा शिपाई आत आला. बाई म्हणाल्या, "आठ महिने ही कंबर होती काय?"

मग खुब्याचा फोटो झाला, कल्याणला मोठ्या मशीनमध्येही घातलं. निघालं ते असं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. माझा गोळा पुरता गोल नाही, मानेपाशी हाडाचा उंचवटा आहे. उकिडवं बसलं, मांडी घातली, वाकलं की तो उंचवटा वाटीच्या कडेवर आपटतो. आपटून आपटून कडेची मऊ गादी फाटली आहे. वाढत्या वयातच हाड असं झालेलं असतं म्हणे.

इलाज दोन सांगितले. ठाण्याचे सर्जन म्हणतात, दुर्बिणीचं ऑपरेशन करू. दोन-तीन भोकं पाडून उंचवटा घासायचा, फाटलेली कड शिवायची. काही आठवडे कुबड्या, जड काम पाच-सहा महिन्यांनी. शहापूरला व्यायामाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या म्हणतात, आधी तीन महिने व्यायाम करून बघ. ढुंगणाचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे, म्हणजे सांध्यावरचा भार ते उचलतात. जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच. हाड आहे तसंच राहणार, पण पुष्कळांचं दुखणं त्यावर भागतं.

मी दोघांनाही विचारलं, नक्की कशाने बरं होईल? सर्जन म्हणाले, बहुतेकांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. बाई म्हणाल्या, बहुतेकांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. दोन्ही इलाज शेजारी ठेवून कुणी नीट मोजून बघितलंय का, म्हटलं. तर दोघंही म्हणाले, अजून तसं झालेलं नाही.

आता तूच सांग मी काय करू.

ओमकार


पाथरवाडी
२४ ऑगस्ट २००८

ओमकार,

तूच सांग म्हणालास म्हणून सांगते. व्यायाम कर.

तुझा बाप जैतू आंब्यावरून पडला तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुला फक्त एवढं सांगितलं होतं की तो तापाने गेला. मांडीचं हाड मोडलं, त्यात सळई घातली. डॉक्टर वाईट नव्हता, सकाळ-संध्याकाळ येऊन बघायचा. पण आत जंतू गेले. चौदा महिने त्या मांडीतून पू आला. मी रोज फडकी उकळत होते. बोरू धरायच्या आधी मी पट्टी बांधायला शिकले. ताप आला तो शेवटी आला. तुझी आई त्यानंतर माहेरी गेली ती गेली. मी तिला बोल लावत नाय, तिने पण फडकी उकळली होती.

आणि नवसूचा अंतर्गळ. त्याच्या आईने वर बिब्बा लावला, तो उतला, जखम झाली. डॉक्टर म्हणाला, भाजल्या कातडीवर चाकू लावत नाय, बरी झाल्यावर ये. तो गेलाच नाय. लंगोट कसून बांधायचा आणि नांगर धरायचा. तीस वर्षं.

आता कुठला हिशेब मला पटेल ते बघ. चांगल्या मांडीत भोकं पाडून कोण घेतो? मोडलंय का तुझं काय?

बाई म्हणतात ते कर. खुर्ची घे. अनिताला सांग, ताट वर मांड.

गोजर


कसारा
५ ऑक्टोबर २००८

आजीस नमस्कार.

बाबांचं वाचलं. 

व्यायाम सुरू केला होता, पण खरं सांगतो, धड होत नाही. गँगची ड्युटी करून आल्यावर अंग मोडून येतं, आणि ड्युटीवर दिवसभर वाकायचंच असतं. सकाळी कमावलेलं दुपारी जातं. शहापूरला बाईंकडे वाशिंदच्या रंभाताई येतात. त्यांचंही हेच दुखणं. चार महिन्यांत त्या हसत-खेळत जिना चढू लागल्या. पण त्या शिलाई मशीनवर खुर्चीत बसतात, अडचण आली की उठून उभ्या राहतात. मला घाटात खुर्ची कोण देणार?

आणि मे महिना आहे. ऑपरेशन आता केलं तर पाच-सहा महिने धरून मे गाठता येतो. तीन महिने व्यायामात घालवले आणि मग नाहीच जमलं, तर कीमनची जागा गेली. म्हणून मी ठरवलंय. ठाण्याची तारीख मिळाली आहे, १० नोव्हेंबर. रजा मंजूर झाली. बाबांचा काळ वेगळा होता, ते उघडं हाड होतं. सर्जन म्हणाले, यात जंतूची भीती फार थोडी. नाही असं नाही म्हणाले. थोडी.

तू रागावशील. दिवाळीला येतो तेव्हा समोर बसून रागाव.

ओमकार


कसारा
१४ नोव्हेंबर २००८

आजीस नमस्कार.

ऑपरेशन झालं नाही.

पाडव्याला अंघोळीआधी तेल लावताना तू खुब्यावर बिब्ब्याचे तीन ठिपके दिलेस ना, ते उतले. मी म्हटलं होतं ना आग होतेय, तू म्हणालीस दुखणं बाहेर पडतंय. कसाऱ्याला येईपर्यंत फोड आले, मग फुटले, मग पिकले. दहा तारखेला मला कपडे बदलून, सुई टोचून, चाकाच्या खाटेवर घेतलं. सर्जननी चादर बाजूला केली. म्हणाले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, आजीने, आमच्याकडे लावतात. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ज्या जागेतून मला आत जायचंय तिथेच पू आहे. हा सांध्यात गेला तर पाय हातचा जाईल. कातडी पुरती बरी होऊ दे."

त्यांच्याकडे पुढची तारीख एप्रिलनंतरची आहे. मंजूर झालेली रजा मोडली. आता मे काही गाठता येणार नाही.

तुझ्यावर राग नाही. मीच नको म्हणायला पाहिजे होतं. ऑपरेशनच्या आधी घरचंही एक औषध होऊन जाऊ दे, असं मलाही वाटलं होतं. तुला तरी काय माहीत?

ओमकार


पाथरवाडी
३० नोव्हेंबर २००८

ओमकार,

पत्र मिळालं. भात झोडून झाला. पाच पोती कमी भरलं.

जखमेला खोबरेल लाव. बिब्बा कधी उतून बसतो, एकेकाची कातडी तशी असते.

आता वेळ मिळालाच आहे तर व्यायाम कर, नीट कर. साहेबाला बाईंची चिठ्ठी दाखव, वाकायचं काम सोडवून घे. मागितल्याशिवाय कुणी देत नाय.

हात दुखतो. जास्त लिहीत नाय.

गोजर


कसारा
१८ जानेवारी २००९

आजीस नमस्कार.

तुझं ऐकलं. बाईंची चिठ्ठी साहेबांना दाखवली. त्यांनी मला तीन महिने फाटकावर दिलं आहे. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं, मध्ये स्टुलावर बसायचं. गँगवाले "फाटकवाली बाई" म्हणतात. म्हणू देत.

व्यायाम रोज दोनदा. उताणं झोपून ढुंगण उचलायचं, कुशीवर झोपून पाय उचलायचा, एका पायावर उभं राहायचं. अनिता घड्याळ धरून बसते आणि मुकादमासारखी ओरडते. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, मला वाटलं सगळं थोतांड आहे. मग एक दिवस जिना चढून वर आलो आणि वर आल्यावर लक्षात आलं की कठडा धरला नव्हता. आता रात्री कूस बदलताना जाग येत नाही. निम्मं दुखणं गेलं असं धर. उकिडवं बसलं की मात्र तसंच टोचतं, त्यात काडीचा फरक नाही.

पण चालता येतंय! परवा चार किलोमीटर चाललो. बाई म्हणाल्या, मार्चअखेर सहा होतील. कुणास ठाऊक, कीमनचंही जमेल. साहेब म्हणतात, मेमध्ये नाव अजून आहे.

म्हणून आज मुद्दाम लिहितोय. आजी, तुझ्या बिब्ब्याचे उपकार झाले. तो उतला नसता तर हे मी कधी केलंच नसतं. तुझ्या हातून झालेली चूक माझ्या पथ्यावर पडली. अनिता तर म्हणते, तुझ्या नावाने नारळ फोडू.

ओमकार


पाथरवाडी
१ फेब्रुवारी २००९

ओमकार,

नारळ फोडू नको.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शिव्या घातल्या असत्यास तर मी गप बसले असते, मला शिव्यांची सवय आहे. उपकार म्हणालास ते गिळवत नाय.

चूक नव्हती रे. मला माहीत होतं. नवसूचं मी तुला लिहून कळवलं होतं, भाजल्या कातडीवर डॉक्टर चाकू लावत नाय म्हणून. तुला ते आठवलं नाय, तू माझ्यावर भरवसा ठेवून उघडा पडलास. मी दसऱ्यानंतर आळीतल्या मालूच्या आजीकडून बिब्बे आणले. तीन निवडले, ताजे, तेलाचे. एक पुरला असता. दुखण्यावर लावायचा असता तर जांघेजवळ लावला असता. मी लावला जिथे डॉक्टर भोक पाडणार होता तिथे. जागा तूच बोट ठेवून दाखवली होतीस, आदल्या दिवशी ओटीवर. "आजी, इथून आत जातात बघ."

मला परत फडकी उकळायची नव्हती. एवढंच कारण. त्याला मी माया म्हणत नाय, तू पण म्हणू नको.

दुसरं पण लिहून टाकते. माझा उजवा खुबा तुझ्यासारखाच आहे. बारा वर्षं झाली, मी चुलीपुढे उकिडवी बसले नाय. पाटावर पाय लांब करून भाकऱ्या थापते. म्हणून तुझी जांघ मी ओळखली. मी रडतखडत चालवलं म्हणून मला वाटलं, तू पण चालवशील. पण माझं चालणं चूल ते विहीर, आणि तुझं सहा किलोमीटर, हे मी धरलं नाय.

व्यायामाने बरं वाटतंय ते तुझ्या मेहनतीचं. त्यात माझा वाटा काढू नको.

गोजर


कसारा
१२ एप्रिल २००९

आजींना अनिताचा नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहीत आहे. तुमची फेब्रुवारीनंतरची दोन पत्रं यांनी न उघडता ट्रंकेत ठेवली आहेत. फेब्रुवारीचं वाचल्यावर एकदाच बोलले, "माझ्या पायाचं मला ठरवू दिलं नाही." त्यानंतर तुमचं नाव काढलं नाही.

व्यायाम सोडला नाही, उलट वाढवला. मार्चमध्ये सहा किलोमीटर चालले. साहेबांनी मग पट्ट्यावर हातोडा देऊन बघितलं. चालण्याचं ठीक झालं. पण चावी ठोकायला शंभरदा उकिडवं बसायचं, शंभरदा उठायचं. चाळिसाव्याला हे रुळावर हात टेकून तसेच राहिले. समोरून गाडीचा टाइम होता, नथूने काखेत धरून बाजूला ओढलं.

शहापूरच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, "तुझ्या व्यायामात खोट नाही. खुर्चीवरचं काम असतं तर मी तुला चाकूपाशी जाऊ दिलं नसतं. पण तुझं काम हाडालाच आडवं येतंय. आता ऑपरेशनचा विचार कर."

कीमनची जागा नथूला जाणार. त्याने आधी नको म्हटलं होतं, यांनीच त्याला घ्यायला लावली.

तुम्ही चिडून दुकानावरून फोन करू नका. मी कळवीन.

अनिता


कसारा
७ जून २००९

आजी,

११ मे रोजी ऑपरेशन झालं. ठाण्यालाच, त्याच सर्जनकडे. उंचवटा घासला, कड शिवली. मांडीचा पुढचा भाग आठवडाभर बधिर होता, आता मुंग्या येतात, म्हणजे जाग येतेय म्हणे. जखम कोरडी आहे. मुद्दाम लिहितो, कोरडी आहे, पहिल्या दिवसापासून. कुबड्या अजून आहेत, आता एकच. घाटात परत कधी जाईन ते दिवाळीच्या सुमाराला कळेल. कदाचित जाईन, कदाचित फाटकच नशिबी. सर्जन म्हणाले, गादी मागच्या वर्षीपेक्षा जास्त झिजलेली निघाली. वर्षभरात झिजली की आधीच होती, ते त्यांना सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, व्यायामाने पाय बळकट होता म्हणून लवकर उभा राहिलास. दोन्ही खरं असेल.

तुला आधी कळवलं नाही. का ते सांगतो. या वेळी सर्जननी चादर बाजूला करण्याआधी मी मनात म्हटलं, आजीला माहीत नाही ना. मला चाकूची भीती वाटली नाही. तुझ्या हाताची वाटली. लहानपणापासून त्याच हातातून खाल्लं, आणि त्याची भीती वाटली. हे मला अजून पचत नाही.

बाबांसाठी तू काय काय केलंस ते मला कळतं. पण मी बाबा नाही, आणि माझी मांडी तुझ्या फडक्यांची नव्हती.

यायचं असेल तर ये. नथू बुधवारी परत येईल त्याच्याबरोबर ये, एसटीला तो धरून बसवील. पण येताना माझ्यासाठी काही आणू नको. तेल नको, पाला नको, अंगारा नको, पुडी नको. पाय दाखव म्हणू नको. जमेल तर ये, नाही तर राहू दे.

ओमकार


पाथरवाडी
१४ जून २००९

ओमकार,

पत्र नथूने दिलं. कीमन झालाय तर नवा हातोडा दाखवायला आणला होता, माझ्यापुढे आल्यावर पाठीमागे लपवला. मी म्हटलं, दाखव रे, तू चोरलेला नाय. तो तुझ्याच हक्काचा होता आणि तो माझ्यामुळे गेला, हे तिघांनाही माहीत आहे, मग लपवायचं कुणापासून?

बाई म्हणाल्या व्यायामामुळे लवकर उठलास, हे वाचून मला पहिलं बरं वाटलं. मग आपण बरं वाटून घेतलं याचीच लाज वाटली. तुझ्या वर्षातून मी माझ्यापुरता फायदा वेचायला बसले, कापणी झालेल्या शेतात सरवा वेचावा तसा. गादी झिजली ते पण माझ्याच नावावर राहू दे. डॉक्टरला सांगता येत नसेल, मला येतं.

माफ कर असं लिहीत नाय. ते मागितलं की द्यायचा धाक पडतो, आणि तुझ्यावर मी एकदा जबरदस्ती केलेली पुरे.

बुधवारी येते. रखमी म्हणाली, शेजारच्या सुईणीकडून निदान हळद तरी ने. मी तिला म्हटलं, तू ने तुझ्या नातवाला. तिला राग आला.

पिशवीत माझं एक लुगडं आणि चष्मा असेल. दारातच ती अनिताच्या हातात देईन. तिने अंगणात उलटी करून, झटकून बघावी. पदराची गाठ पण सोडून बघावी. तिला लाज वाटेल, तर तू समोर खुर्चीवर बसून बघायला सांग. मला राग येणार नाय. आला तर तो माझ्यापाशी राहील.

मग मला आत घे. पायापासून लांब बसेन.

गोजर